इंग्रजी लिहिताना होणाऱ्या चुका: कुठल्या सुधारायच्या, कुठल्या सोडून द्यायच्या?

गोगलगाय
नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं कधीपासून डोक्यात होतं, टंकाळ्यामुळे (टंकायच्या कंटाळ्यामुळे) राहून जात होतं. तर झालंय असं की आमच्या टीममधून बाहेर जाणारी इंग्रजी मेल, रिपोर्ट, वेबसाइटवरचा मजकूर हे सगळं एकदा नजरेखालून घालायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी काही इंग्रजीची पंडित नाही, पण रोज वाचून वाचून चुका तोंडपाठ झाल्यात. अपॉस्ट्रॉफी भलतीकडेच, 'दॅन'च्या जागी 'देन', 'लूझ'मध्ये एक ओ जास्त घालून हरवण्याऐवजी सैल करून ठेवणं, 'वन ऑफ माय फ्रेंड', 'डिड नॉट वेंट', 'इक्विपमेंट्स', असलं बरंच.

सगळं लाल करून परत पाठवलं तर लोकांची तोंडं वाकडी होतात आणि सोडून दिलं तर मलाच चैन पडत नाही. म्हणून विचारते, यातल्या कुठल्या चुका खरोखर सुधारल्याच पाहिजेत आणि कुठल्या चुका दाखवणं म्हणजे नुसता शिष्टपणा? आणि तुमच्या डोक्यात सगळ्यात जास्त जाणारी चूक कोणती तेही लिहा.

झंप्या
रुमाल टाकून ठेवतो. इथे आता दोनशे प्रतिसाद पडणार.

अनवट
माझी दुखरी नस म्हणजे 'इट्स'. मालकी दाखवणाऱ्या 'इट्स'ला अपॉस्ट्रॉफी नसते, विषय संपला. गोंधळ का होतो तेही कळतं, 'जॉन्स बुक'मध्ये ती असते मग इथे का नाही? तर हा शब्द हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स यांच्या भावकीतला आहे आणि त्या भावकीत कुणाकडेच अपॉस्ट्रॉफी नाही.

तपासायची रीत सोपी आहे, अपॉस्ट्रॉफी दिसली की फोडून 'इट इज' किंवा 'इट हॅज' असं मोठ्याने वाचायचं. 'द कंपनी चेंज्ड इट इज लोगो' असं ऐकू आलं की आपोआप कळतं. 'युअर' आणि 'यू आर'चं जोडरूप, 'देअर' आणि 'दे आर'चं जोडरूप, सगळ्यांना हीच परीक्षा लागू.

टंकाळू
बरं आहे धागा देवनागरीत आहे, इथे तिन्ही 'देअर' सारखेच दिसतात. चूक करायची म्हटली तरी करता येत नाही.

लिंबूटिंबू
अनवटताई, माझं व्याकरण एक वेळ चालतं पण स्पेलिंगचा आनंद आहे. सेपरेट, डेफिनेटली, अकॉमोडेट, ऑकर्ड (म्हणजे घडलं) हे चार शब्द मी आजतागायत न बघता लिहिलेले नाहीत. हे लक्षात ठेवायचं काही तंत्र आहे का?

अनवट
@लिंबूटिंबू, आहे ना. सेपरेटच्या पोटात ए आणि रॅट म्हणजे एक उंदीर आहे, म्हणून मधे ई नाही, ए. डेफिनेटलीच्या पोटात फायनाइट आहे, म्हणून टी-ई-एल-वायच्या आधी आय, तिथे ए घालायचा नाही. अकॉमोडेटमध्ये राहायची सोय करायची तर भरपूर जागा हवी म्हणून दोन सी आणि दोन एम.

ऑकर्डला मात्र नियम आहे आणि तो खूप शब्दांना पुरतो. क्रियापदाच्या शेवटी एकच स्वर आणि मग एकच व्यंजन असेल आणि बोलताना जोर शेवटच्या अवयवावर येत असेल तर 'ईडी' किंवा 'आयएनजी' लावताना ते व्यंजन दुप्पट होतं. ऑकरमध्ये जोर शेवटी, म्हणून ऑकर्डला दोन आर. ऑफरमध्ये जोर सुरुवातीला, म्हणून ऑफर्डला एकच. रेफर्डला दोन, बेनिफिटेडला सहसा एकच टी. ब्रिटिश लोक ट्रॅव्हल्डमध्ये जोर नसतानाही दोन एल घालतात, अमेरिकन एकच, तो भाग वेगळा.

झंप्या
आणि शाळेत घोकलेलं ते 'आय बिफोर ई, एक्सेप्ट आफ्टर सी'?

उंटावरचा
ते फक्त 'रिसीव्ह', 'बिलीव्ह' असल्या 'ई' उच्चाराच्या शब्दांपुरतं धरा. तिथेसुद्धा 'सीझ' आणि 'विअर्ड' उलटे लिहितात. आणि 'सायन्स'मध्ये सीच्या मागे आय-ई सरळ बसलेले आहेत. नियम कसला, अंधश्रद्धा आहे ती.

शंकासुर
काडी टाकतो. चूक चूक म्हणताय, पण चूक ठरवली कुणी? मालकीच्या 'इट्स'ला अपॉस्ट्रॉफी लावून सतराव्या-अठराव्या शतकात चांगले चांगले लेखक बिनधास्त लिहायचे. 'देन' आणि 'दॅन' हा मुळात एकच शब्द होता, स्पेलिंगं नंतर वेगळी झाली. 'लेस' आणि 'फ्युअर' घ्या. मोजता येतं तिथे फ्युअर, नाही तिथे लेस, हे आपल्याला नियम म्हणून शिकवलं. हे रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने १७७० साली एका पुस्तकात स्वतःला बरं वाटतं म्हणून लिहिलं होतं. त्याआधी आठ-नऊशे वर्षं लोक मोजता येणाऱ्या गोष्टींनाही खुशाल लेस म्हणत होते.

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको ही कुरकुर ड्रायडन कवीने १६७२ साली केली, पुढे व्याकरणकारांनी ती उचलून धरली आणि आपण अजून पोरांचे मार्क कापतोय. एका व्यक्तीसाठी 'दे' वापरलं की काही लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात, ते तर चौदाव्या शतकापासून चालू आहे. तेव्हा गोगलगायताई, लाल पेन जरा जपून.

मधलीसुट्टी
बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). नियम सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांना नियम आणि सवय यातला फरकच कळत नाही.

उंटावरचा
शंकासुर, तुमचा अभ्यास दांडगा आहे पण मुद्दा भलतीकडे चाललाय. सतराव्या शतकात कुणी काय लिहिलं याच्याशी आज मेल वाचणाऱ्याला काय घेणंदेणं? तो अपॉस्ट्रॉफी बघून म्हणत नाही की वा, काय जुन्या वळणाचं इंग्रजी आहे. तो म्हणतो, ह्यांनी एकदा वाचूनही बघितलं नाही. नोकरीच्या अर्जावर किंवा क्लायंटला पाठवलेल्या प्रपोजलवर एवढं मत पुरतं. नियम कुणी केला हा इतिहास झाला, तो मोडला की काय होतं हे व्यवहार झाला.

शंकासुर
मग सरळ म्हणा की इभ्रतीसाठी सुधारायचं. शुद्धतेचं नाव कशाला पुढे करायचं?

उंटावरचा
हो, इभ्रतीसाठीच. त्यात लाजायचं काय?

रातकिडा
तुमचं चालू द्या, मी जरा अवांतर करतो. आपण कुठल्याही लिंकवर क्लिक केलं की आधी कुठल्या पानावर होतो ते ब्राउझर पुढच्या साइटला कळवू शकतो. त्या माहितीच्या ओळीचं (हेडरचं) नाव 'रेफरर', आणि त्याचं स्पेलिंग चुकलेलं आहे. मधे दोन आर हवेत तिथे एकच आहे. वेबच्या सुरुवातीच्या काळात प्रस्तावात तसं लिहिलं गेलं, १९९६ साली आलेल्या एचटीटीपीच्या (ब्राउझर आणि साइट यांच्यातल्या संवादाच्या नियमांच्या) दस्तऐवजात तसंच छापलं आणि तोवर इतक्या प्रोग्रामांत जाऊन बसलं होतं की काढताच येईना. आज आम्ही प्रोग्रामरांनी बरोबर स्पेलिंग लिहिलं तर प्रोग्राम चालत नाही. वर अनवटताईंनी दोन आरचा नियम सांगितला तेव्हा तोच आठवला.

टंकाळू
@रातकिडा, म्हणजे चूक पुरेशा लोकांनी केली की तिचं स्टँडर्ड होतं. शंकासुर आज खुशीत झोपणार.

मधलीसुट्टी
इंग्रजी स्पेलिंगचा राग येतो त्यांच्यासाठी थोडं. कॅक्स्टन नावाच्या मुद्रकाने इंग्लंडमध्ये १४७६ साली छापखाना काढला आणि छापलेली स्पेलिंगं हळूहळू पक्की व्हायला लागली. पण नेमकं त्याच सुमारास इंग्रजीतले दीर्घ स्वर आपली जागा सोडून सरकत होते, ते सरकणं साधारण १४०० ते १७०० असं तीन शतकं चाललं. म्हणजे लिखाण आधी गोठलं आणि उच्चार पुढे निघून गेले. 'नाइट' म्हणजे सरदार, त्यातला सुरुवातीचा के एके काळी खरंच म्हणत असत.

वर विद्वानांनी मुद्दाम घातलेली अक्षरं वेगळीच. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यात बी नव्हता, लॅटिनमधल्या मूळ शब्दात आहे म्हणून पंडितांनी आणून बसवला. 'आयलंड'मधला एस तर चुकूनच घुसला, 'आइल' या वेगळ्या शब्दाशी नातं आहे अशा समजुतीने. तेव्हा लिंबूटिंबू, स्पेलिंग चुकलं तर फार मनाला लावून घेऊ नका, मूळ दुकानातच घोळ आहे.

झंप्या
आणि 'अंपायर' विसरलात! तो मुळात 'नंपायर'सारखा काहीतरी शब्द होता. 'अ नंपायर' म्हणता म्हणता लोकांनी एन तोडून आर्टिकलला चिकटवला आणि झाला 'ॲन अंपायर'. 'एप्रन'चंही तेच, आधी 'नेप्रन' होता. अंपायरचा स्वतःचाच निर्णय चुकीचा लागलाय आणि रिव्ह्यू घ्यायला कुणी नाही.

पिंपळपान
आर्टिकलवरून आठवलं. 'अ' की 'ॲन' हे अक्षर बघून ठरवतात ही सगळ्यात चिवट चूक. आवाज बघायचा. अवरमधला एच मुका म्हणून 'ॲन अवर', युनिव्हर्सिटीची सुरुवात 'यु'ने ऐकू येते म्हणून 'अ युनिव्हर्सिटी', एमबीए ऐकताना 'ए'ने सुरू होतं म्हणून 'ॲन एमबीए'. हे पाच मिनिटात शिकवता येतं.

'द' कधी घालायचा हे मात्र पाच वर्षांत येत नाही. ज्यांच्या भाषेत आर्टिकल नाही त्या सगळ्यांची तिथे दांडी उडते, मराठी काय, रशियन काय, जपानी काय. तसंच शब्दयोगी अव्ययांचं. आपण 'विषयी चर्चा' करतो म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहितो, इंग्रजीत 'डिस्कस'ला अबाउट लागतच नाही. आपण कुणा'शी' लग्न करतो म्हणून 'मॅरीड विथ', तिथे हवं 'टू'. 'कोप अप विथ'मधला अप कुठून आला ते एक कोडंच आहे. ही अडाणीपणाची चूक नाही हो, मातृभाषा मागून बोलत असते.

अनवट
पिंपळपान, अगदी. आणि अनेकवचनाचं पण. फर्निचर, इन्फर्मेशन, इक्विपमेंट, ॲडव्हाइस यांना एस लागत नाही, कारण इंग्रजी त्यांना पाण्यासारखं न मोजता येणारं धरतं. मोजायचंच असेल तर 'पीसेस ऑफ' लावा. 'वन ऑफ माय'च्या पुढे मात्र नेहमी अनेकवचन, कारण पुष्कळांमधला एक. आणि 'डिड' आला की भूतकाळ त्याने उचललेला असतो, पुढच्या क्रियापदाने परत उचलायचा नाही.

कलमबहाद्दर
वकिली पेशातला आहे म्हणून एक स्वल्पविरामाची गोष्ट सांगतो, कारण वर कुणीतरी हे सगळं इभ्रतीचं म्हणालं. अमेरिकेत मेन राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम कुणाला लागू नाही याची यादी होती. माल डबाबंद करणं, प्रक्रिया करणं, साठवणं असं करत करत शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. शिपमेंटनंतर कॉमा नाही. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर माल पोचवायचे, पॅक करायचे नाहीत. ते म्हणाले, कॉमा नाही म्हणजे इथे एकच काम आहे, पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी पॅक करणं, आणि ते आम्ही करत नाही, तेव्हा आमचा ओव्हरटाइम द्या. कंपनी म्हणाली ही दोन वेगळी कामं आहेत. २०१७ साली अपील कोर्टाने म्हटलं की वाक्य संदिग्ध आहे, आणि संदिग्ध असेल तर कामगाराच्या बाजूने अर्थ लावायचा. २०१८ मध्ये पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. मग कायदा बदलला आणि त्या यादीत कॉमाच्या जागी सेमिकोलन आले. कोर्टाने धडा दिला की मगच लोक एवढं पक्कं काम करतात.

शंकासुर
भारी. पण बघा हं, इथे नियम मोडलाच नव्हता. 'ऑर'च्या आधीचा कॉमा घालायचा की नाही यावर इंग्रजांचंच एकमत नाही, आणि मेनमध्ये कायद्याचे मसुदे लिहायच्या मार्गदर्शिकेत तो घालू नका असंच होतं. म्हणजे नियम पाळूनही अर्थ फसला. माझा मुद्दा हाच की नियमाकडे न बघता अर्थाकडे बघा.

कलमबहाद्दर
मान्य, मेनच्या मार्गदर्शिकेत तसं होतं. पण मार्गदर्शिका पाळून झाल्यावर वाक्याचे दोन अर्थ निघतायत का हे कुणीतरी बघायला हवं होतं ना. आता एका अक्षराची गोष्ट. ब्रिटनमध्ये दिवाळखोरीचा हुकूम निघाला 'टेलर अँड सन' या कंपनीवर आणि सरकारी नोंदवहीत तो चढवला गेला 'टेलर अँड सन्स'वर. ही दुसरीच कंपनी, शंभराहून जास्त वर्षं जुनी. बातमी फुटली, माल देणाऱ्यांनी उधारी बंद केली, कंपनी बसली. २०१५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने नोंदणी कार्यालयाला जबाबदार धरलं. एका एससाठी.

लिंबूटिंबू
बाप रे. पण आता स्पेलचेकर असताना एवढी काळजी कशाला?

रातकिडा
स्पेलचेकर शब्द डिक्शनरीत आहे का एवढंच बघायचे, नवीन थोडं वाक्यही बघतात, पण भरवसा नाही. 'असेस द सिच्युएशन' लिहिताना शेवटचा एक एस खाल्लात तर उरतात गाढवं, आणि गाढवंही डिक्शनरीत आहेत. 'मॅनेजर'मधला दुसरा ए गेला की गोठ्यातली गव्हाण. 'पब्लिक'मधला एल गेला तर काय होतं ते इथे लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, पण हेडिंगमध्ये पब्लिक असेल तर तीनदा वाचा.

उलटाही प्रकार होतो. जुन्या स्पेलचेकरांच्या यादीत 'को-ऑपरेशन' फक्त हायफन घालून होता. हायफनशिवाय लिहिलं की ते सुचवायचे 'क्यूपर्टिनो', म्हणजे ॲपलचं गाव. लोक न बघता ओके करायचे. मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कागदपत्रांत असं 'परस्पर क्यूपर्टिनो' छापलेलं सापडलंय. या प्रकाराला नावच पडलं क्यूपर्टिनो इफेक्ट.

झंप्या
परस्पर क्यूपर्टिनो!! साष्टांग.

पिंपळपान
रातकिडा, यावरून मला गोगलगायच्या मूळ प्रश्नाचं उत्तर सुचतंय. मी कामात सगळ्यात आधी 'नाऊ' आणि 'नॉट' शोधते. 'द पेमेंट इज नाऊ अप्रूव्ह्ड' आणि 'नॉट अप्रूव्ह्ड', एकाच अक्षराचा फरक, दोन्ही वाक्यं व्याकरणात चोख, स्पेलिंग चोख, कुठलंही मशीन ओरडणार नाही आणि अर्थ बरोबर उलटा. तसंच 'कॅन' आणि 'कान्ट'. घाईत टी गेला की नकाराचा होकार. त्यानंतर आकडे, नावं, तारखा, कारण महिना आधी की दिवस आधी हे वाचणारा आपल्या सवयीने वाचतो, म्हणून महिन्याचं नाव अक्षरात लिहायला लावते. इट्सची अपॉस्ट्रॉफी त्यानंतर.

उंटावरचा
हे पटलं. पण 'कुड ऑफ' लिहिणाऱ्याला माफी नाही. 'कुड हॅव'चं जोडरूप कानाला 'कुड ऑफ' ऐकू येतं हे मान्य, पण 'ऑफ' हे क्रियापद कधीपासून झालं?

अनवट
आणि विशेष म्हणजे ती चूक ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेच जास्त करतात. आपण डोळ्यांनी इंग्रजी शिकलो, ते कानांनी. त्यामुळे देअर, युअर, कुड ऑफ हे त्यांच्याकडे जास्त आणि आर्टिकल, प्रिपोझिशन आपल्याकडे जास्त.

गोगलगाय
अरे वा, केवढे प्रतिसाद! सगळे वाचले. पिंपळपानचा नाऊ-नॉट आजपासूनच लागू करते. पण दोन ठिकाणी अजून अडते. एक म्हणजे ब्रिटिश-अमेरिकनचं काय करायचं? आमच्याकडे एकाच पानावर 'कलर' दोन्ही पद्धतीने असतो. दुसरं म्हणजे 'डू द नीडफुल', 'रिव्हर्ट बॅक', 'प्रीपोन' हे चूक धरायचं का?

मधलीसुट्टी
पहिल्याचं उत्तर, कुठलीही एक पद्धत घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. यू नसलेला कलर, सेंटरमधला उलटा ई-आर ही रूपं अमेरिकेत रुजली ती मुख्यतः वेबस्टर या अमेरिकन कोशकारामुळे, त्याची मोठी डिक्शनरी १८२८ ची. दोन्ही बरोबरच आहेत, मिसळ नको. फक्त शब्दाच्या शेवटी आय-झेड-ई दिसलं की अमेरिकन म्हणून खोडू नका, ऑक्सफर्डवाले स्वतः तेच वापरतात. 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स'मध्ये ब्रिटिश लोक नामाला सी आणि क्रियापदाला एस लावतात, अमेरिकन प्रॅक्टिस दोन्हीकडे सीने आणि लायसन्स दोन्हीकडे एसने. आता यात तर्क शोधू नका. ब्रिटिश ठेवणार असाल तर 'ॲडव्हाइस'-'ॲडव्हाइझ'ची जोडी आठवायची, तिथे तर फरक ऐकूही येतो.

शंकासुर
दुसऱ्याचं मी सांगतो. 'प्रीपोन' ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे आणि शब्द झकास आहे, पोस्टपोनला जोडीदार नको का? 'डू द नीडफुल' ही एके काळी खुद्द ब्रिटिशांचीच लकब, त्यांनी टाकली, आपण ठेवली. चूक नाही, जुनी झालीय.

उंटावरचा
चूक नसेल, पण वाचणाऱ्याला नेमकं काय करायचं ते कळत नाही ना. नीडफुल म्हणजे काय? सही करू, पैसे पाठवू की फोन करू? जे हवंय ते लिहा की सरळ. आणि 'रिव्हर्ट'चा बाहेर बहुतेक ठिकाणी अर्थ पूर्वस्थितीला जाणं. 'प्लीज रिव्हर्ट' म्हटल्यावर एखादा खरंच सगळं काम जुन्यासारखं करून ठेवायचा. रातकिड्यासारखे प्रोग्रामर तर नक्कीच.

रातकिडा
@उंटावरचा, हो, आमच्याकडे रिव्हर्ट म्हणजे केलेला कोड मागे घेणं. 'प्लीज रिव्हर्ट ॲट द अर्लिएस्ट' असा मेल आला तर हात शिवशिवतात.

गोगलगाय
हे आवडलं. म्हणजे व्याकरणात बरोबर असूनही बदलायचं आणि व्याकरणात चूक असूनही सोडायचं, दोन्ही असू शकतं. उद्यापासून अर्थ उलटतो किंवा दोन अर्थ निघतात ते लाल, लोक हसतील असं वाटलं तर निळं, आणि लेस-फ्युअर, शेवटचं प्रिपोझिशन वगैरे हात लावणार नाही.

उंटावरचा
'इट्स' लाल की निळं?

गोगलगाय
निळं.

अनवट
निषेध!!

कलमबहाद्दर
सगळ्या लाल पेनवाल्यांना आठवण. 'मफ्रीज लॉ' म्हणून एक प्रकार आहे, दुसऱ्याच्या लिखाणातली चूक दाखवणारं काहीही लिहाल तर त्यात चूक असणारच. मर्फीज लॉवरून ('जे बिघडू शकतं ते बिघडणारच') केलंय आणि नावातच मुद्दाम अक्षरांची उलटापालट केलीय.

लिंबूटिंबू
जाता जाता एक. ऑक्टोपसचं अनेकवचन काय? ऑफिसात यावरून भांडण झालं.

शंकासुर
ऑक्टोपसेस. 'ऑक्टोपाय' म्हणणारे त्याला लॅटिन समजतात, शब्द मूळ ग्रीक. ग्रीकच्या हिशोबाने 'ऑक्टोपोडीज' होईल. पण ही तिन्ही रूपं डिक्शनरीत सापडतात, तेव्हा...

मधलीसुट्टी
शंकासुर, थांबा! वेगळा धागा काढा त्याला. मी येते तिकडे भांडायला.